धवल्याचा मालक

दिपेशच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला सगळं घर टीव्हीसमोर जमलं होतं. रविवारची दुपार, सारसोळ्यातलं मढव्यांचं घर, जेवणं नुकतीच उरकलेली. दिपेशने व्हिडिओ आपल्या चॅनेलवर टाकला होता, म्हणजे उरण-अलिबागकडच्या पाहुण्यांनाही बघता येईल. त्याची मोठी बहीण संध्या कामोठ्याहून मुद्दाम आली होती. पडद्यावर हळद सुरू झाली. पाट मांडले गेले, मुसळाला हळकुंड बांधलं गेलं, आणि घरातलीच पुतळाकाकी मांडवात पुढे येऊन बसली. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आवाज गेला.

आधी सगळे हसले. कोणी रिमोट हातावर आपटला, कोणी स्पीकरची वायर हलवली. पडद्यावर काकीचे ओठ हलत होते, मान डोलत होती, आजूबाजूच्या बायका माना लववत होत्या. आवाज मात्र काही नाही. काकीचं संपलं, ती उठून बाजूला झाली, आणि लगेच बायकांची गडबड, पोरांची ओरड, भांड्यांचा आवाज सगळं पुन्हा ऐकू यायला लागलं.

"माजाच आवाज कसा गेला?" काकी म्हणाली. ती खाली सतरंजीवर पाय पसरून बसली होती.

संध्याने दिपेशचा फोन घेतला. व्हिडिओच्या खाली इंग्रजीत दोन ओळींची सूचना होती. तिने ती वाचली, पुन्हा वाचली. सूचनेचा अर्थ असा की या भागातलं गाणं एका म्युझिक कंपनीच्या मालकीचं आहे, दिपेशने ते परवानगीशिवाय वापरलं आहे, म्हणून तो भाग मुका करण्यात आला आहे.

"म्हनजे?" काकीने विचारलं.

"म्हणजे ते म्हणतात, तू त्यांचं गाणं चोरून गायलीस."

काकीने पाय जवळ घेतले. तिचं वय सत्तरीच्या आसपास. पंचक्रोशीत तिच्याशिवाय लग्न लागत नसे, कारण ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात देवांना आवतण देणारी, कुठला विधी कधी करायचा ते सांगणारी आणि प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गाणारी बाई. करावं, दिवाळं, शिरवणं, कुठूनही बोलावणं आलं की ती नेसतं लुगडं बदलून निघायची. तिच्या गाण्याला चोरी म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

संध्याला राग येतो तेव्हा तिचा आवाज चढत नाही, उतरतो. ती इतकंच म्हणाली, "दिपेश, मला याचा पासवर्ड दे."

तिने लक्ष घालायला एक कारण होतं. ती तुर्भ्याच्या एमआयडीसीत औषधांची खोकी छापणाऱ्या कंपनीत कामाला होती. खोक्यावरची अक्षरं, रंग, चिन्हं बिनचूक आहेत ना ते बघायचं आणि छपाईला सोडायचं, हे तिचं काम. मागच्या वर्षी तिने सोडलेलं एक खोकं दुसऱ्या कंपनीच्या खोक्यासारखं दिसतं म्हणून वकिलाची नोटीस आली. मीटिंगमध्ये सगळे तिच्याकडे बघून बोलत होते आणि त्यातला एकही शब्द तिला कळत नव्हता. डिझाइन वरून आलं होतं, बोट मात्र तिच्याकडे. त्या दिवशी घरी येताना तिने ठरवलं की पुन्हा कधी असं मुक्यासारखं बसायचं नाही. पुण्याच्या एका संस्थेचा बौद्धिक संपदा कायद्याचा ऑनलाइन डिप्लोमा तिने सुरू केला. शनिवार-रविवारी सकाळी वर्ग. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार लावून ती लॅपटॉपसमोर बसायची आणि नवरा कुंदन त्या वेळात स्वयंपाक उरकायचा. ट्रेडमार्क, पेटंट, कॉपीराइट. सुरुवातीला शब्दकोश उघडा ठेवून वाचावं लागे. हळूहळू तिला त्यात गोडी लागली. जे माणसाने डोक्यातून काढलं, हाताने केलं, ते त्याचं आहे असं सांगणारा एक कायदा आहे, हे तिला फार आवडलं होतं. म्हणून तर ती सूचना तिला जास्त झोंबली.

कंपनीचं ते गाणं शोधायला वेळ लागला नाही. कंपनीच्या चॅनेलवर 'हळद स्पेशल' नावाचं एक रीमिक्स होतं. बेंजोचा ठेका, मध्ये मध्ये शिट्ट्या, आणि त्या सगळ्याखाली पुतळाकाकीचा आवाज. आवाज तिचाच, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. ओळीच्या शेवटी ती श्वास तोडून जो एक हेल काढते, तो तसाच्या तसा. खाली लिहिलं होतं: गीत, संगीत, गायन, डीजे विपुल.

व्हिडिओच्या साइटवर आवाज जुळवून बघणारं मशीन काय करत होतं ते संध्याच्या लक्षात आलं. कंपनीने हे गाणं आपलं म्हणून नोंदवलं होतं. त्यानंतर जगात जिथे कुठे काकीचा आवाज वाजेल तिथे मशीनला तो कंपनीचा माल वाटणार होता.

तिने ते काकीला ऐकवावं की नाही, याचा विचार केला. मग ऐकवलं. काकी फोन कानाशी धरून ऐकत राहिली. ठेका वाढला, एकवीरेचं नाव आलं, आणि ते नाव तुकडा तोडून पुन्हा पुन्हा वाजायला लागलं, उचकी लागल्यासारखं. त्यावर कोणीतरी किंचाळून 'हात वर' म्हणालं. काकीने फोन खाली ठेवला.

"देवांना आवतान हाय ह्या," ती म्हणाली. "पाटावर कोरा तांदूल ठेवून, आंगोल करून गायाचा. त्येच्यावर नाचतान?"

संध्याच्या डोक्यात तोवर मालकी होती, श्रेय होतं, हक्क होता. काकीला राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता.

संध्याने व्हिडिओच्या साइटवर हरकत नोंदवली. हे पारंपरिक गाणं आहे, गाणारी आमच्या घरातली आहे, हे तिचं स्वतंत्र गायन आहे. उत्तर आलं की कंपनीने तपासणी केली असून दावा कायम ठेवला आहे. चोराकडे तक्रार केली तर चोरच तपासतो आणि चोरच निकाल देतो, ही पद्धत बघून ती थक्क झाली. पुढे अपील करता येत होतं, पण ते फेटाळलं गेलं तर चॅनेलवर ठपका बसणार होता.

"ताई, राहू दे ना," दिपेश म्हणाला. गावच्या क्रिकेट टुर्नामेंटचे सामने तो त्या चॅनेलवर दाखवायचा, चार गावांत त्याचं त्यामुळे नाव होतं. "चॅनेल बंद झालं तर? काकीचा आवाज आपल्याला घरी ऐकता येतो की. कशाला टेन्शन?"

"तुझ्या घरात येऊन कोणी म्हणालं की ही तुझी आई नाही, आमची आहे, तर राहू देशील?"

दिपेश अपील कर म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही.

पुढच्या रविवारच्या वर्गात कॉपीराइट चालू होतं. शिकवायला डॉ. स्मिता दळवी होत्या, स्वच्छ आणि मुद्देसूद बोलणाऱ्या. लोकगीतांचा विषय एका वाक्यात आला आणि गेला. लोकगीतांना ज्ञात लेखक नसतो, त्यामुळे ती कोणाच्याच मालकीची नसतात. संध्याने माइक सुरू केला.

"मॅडम, मग एखादी कंपनी त्याची मालक कशी होते?"

"गाण्याची नाही होत. त्यांच्या ध्वनिमुद्रणाची होते."

"आणि ध्वनिमुद्रणातला आवाज जिचा आहे तिला विचारलंच नसेल तर?"

दळवी मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "तो इंटरेस्टिंग प्रश्न आहे. आपण शेवटी घेऊ, आज पोर्शन पूर्ण करायचाय." शेवटी वेळ उरला नाही. स्क्रीनवरचे चौकोन एकेक करून विझले आणि संध्या बघत राहिली. इंटरेस्टिंग म्हणे. म्हातारीला चोर ठरवलंय, आणि हा इंटरेस्टिंग प्रश्न.

तिने मॅडमना मेल लिहिला, चांगला लांब, जरा कडक. दोन दिवसांनी उत्तर आलं. 'माफ करा, मी घाईत होते. अडतिसावं कलम आणि त्याची पोटकलमं वाचा. परफॉर्मरचा हक्क गाण्यावर अवलंबून नसतो.' बस्स, एवढंच. संध्याने कलम वाचलं. गाणारा, नाचणारा, वाजवणारा, ज्याने लोकांसमोर कला सादर केली, त्याच्या संमतीशिवाय ती मुद्रित करता येत नाही. त्याचं नाव सांगितलं गेलं पाहिजे. आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तोडमोड झाली, तर तो ती थांबवू शकतो. हे शेवटचं वाचताना तिला ते उचकीसारखं वाजणारं नाव आठवलं.

आधी विपुलला भेटावं असं तिने ठरवलं. तो काही परका नव्हता. करावं गावातलाच, आगऱ्याचाच मुलगा, साउंड सिस्टिम भाड्याने द्यायचा. दोन वर्षांपूर्वी बेलापूरच्या एका लग्नात मागे बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून काकीपुढे माइक त्यानेच ठेवला होता. रेकॉर्डिंग त्याने तेव्हाच साउंडच्या मशीनमधून काढून घेतलं असणार. काकी संध्याबरोबर आली. नको म्हटलं तरी आली.

दुकानाबाहेर मोठाले स्पीकर एकावर एक रचलेले. विपुलने खुर्च्या पुसून दिल्या, काकीच्या पाया पडला.

"काकी, तुजीच गानी जगभर नेली मी. दुबईची पोरा ऐकतान."

"मना विचारला व्हतास?"

"आता आपल्याच माणसाला काय विचारायचं?" तो संध्याकडे वळला. "ताई, खरं सांगतो, मला वाटलं काकीला बरं वाटेल. आपली परंपरा नवीन पिढीपर्यंत गेली पाहिजे की नको?"

"जाऊ दे की. पण गायन डीजे विपुल? तू गायलास?"

"तो कंपनीचा कागद असतो. गीत कोणाचं, संगीत कोणाचं, गायन कोणाचं, काहीतरी लिहावंच लागतं. रिकामं ठेवलं तर घेत नाहीत. मी म्हटलं, लिही माझंच."

"आणि सही केलीस."

"केली. सगळेच करतात."

"आमच्या घरचा व्हिडिओ मुका केलाय तुझ्या सहीने, माहितीये?"

हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तोंड उतरलं त्याचं. पण मग लगेच म्हणाला, "ते मशीन करतं ना ताई. त्यात माझा काय दोष?"

संध्याला त्याच्यापेक्षा त्या वाक्याचा राग आला. ऑफिसात त्या खोक्याच्या वेळी प्रत्येक जण हेच म्हणाला होता. मी नाही, वरून आलं. मी नाही, सिस्टिमने घेतलं. सही करणारे हात सगळ्यांना असतात, दोष घेणारे कोणालाच नसतात. काकी उठली आणि पाणीसुद्धा न पिता बाहेर पडली.

संध्याने कंपनीला पाठवायची नोटीस लिहायला घेतली. वर्गात शिकवलेला नमुना समोर ठेवून, जेवणाच्या सुट्टीत, एकेक वाक्य तोलून. पहिलं वाक्य तिने असं लिहिलं: 'सदर धवल्याच्या मालक श्रीमती पुतळाबाई मढवी या आहेत.' शनिवारी ती सारसोळ्याला गेली, काकीला सगळं मराठीत वाचून दाखवलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

काकीने पेन घेतलं नाही.

"गाना माजा नाय," ती म्हणाली.

"काकी, तूच गातेस ना?"

"गातंय. पन माजा नाय. माजे सासूचा व्हता. तिना तिचे सासूनी दिला. सोनखारची बाय गाते तीपन ह्याच गाते, दोन शबूद इकरंतिकरं. मी मालक म्हनून कसा लिवू?"

"अगं, कायद्याच्या भाषेत तसं लिहावं लागतं."

"त्यो इपुलपन असाच बोलला."

संध्याला काकीचाही राग आला, अगदी खरा. इतका जीव काढून लिहिलं, ऑफिसातली जेवणं सोडली, चॅनेल जाईल म्हणून दिपेश तोंड फिरवून आहे, आणि ही बाई एका शब्दावर अडून बसली. ती तशीच उठून ओट्यावर जाऊन बसली. समोरच्या गल्लीत गाड्या लावायच्या जागेवरून दोन भाडेकरू भांडत होते. ते भांडण ऐकता ऐकता तिचं तिलाच हळूहळू उमगत गेलं. ज्याचं नव्हतं त्याने माझं म्हणून सही केली आणि जगाने ती मानली. जिच्या घराण्यातून ते आलं ती म्हणते माझं नाही, आणि म्हणून तिचं कोणी ऐकणार नाही. हा कसला न्याय, असं ती स्वतःशी म्हणाली. आणि मग तिला आठवलं की मॅडमनी लिहिलेलं वाक्य नेमकं हेच होतं. हक्क गाण्यावर अवलंबून नसतो.

ती आत आली. "काकी, गाणं तुझं नाही. बरं. आवाज कोणाचा आहे?"

"त्यो माजा हाय."

"त्या दिवशी बेलापूरला गायली ती कोण?"

"मीच."

"तुला न विचारता तो आवाज उचलला, हे खरं?"

"खरा हाय."

"आणि देवांच्या नावाची त्यांनी मोडतोड केली, ते तुला मान्य नाही, हे खरं?"

"ह्या पयलं लिव," काकी म्हणाली.

नोटीस पुन्हा लिहिली गेली. मालक हा शब्द त्यात कुठेच आला नाही. धवले सगळ्या समाजाचे आहेत आणि त्यावर कोणाही एकाचा दावा नाही, कंपनीचाही नाही आणि पुतळाबाईंचाही नाही, असं संध्याने स्वच्छ लिहिलं. गाणारी मात्र एकच आहे आणि तिने संमती दिलेली नाही. काकीने सावकाश, एकेक अक्षर बघत सही केली. दिपेशच्या चॅनेलवरून अपील केलं तेव्हा दिपेशने स्वतःच बटण दाबलं.

कंपनीचा माणूस फोनवर आला तेव्हा संध्या ऑफिसच्या कँटीनमध्ये होती.

"मॅडम, आपण वकील आहात का?"

"नाही. शिकतेय."

"अच्छा, शिकताय." त्याच्या बोलण्यातला ताण एकदम सैल झाला. "मग असं करू, आम्ही खाली आजींचं नाव टाकतो. 'विशेष आभार' म्हणून. आजी खूश, तुम्ही खूश."

"आभार कसले? तिने तुम्हाला काही दिलेलंच नाही. तुम्ही घेतलंय."

"मॅडम, लोकगीत आहे ते. कोणीही वापरू शकतं."

"हो ना. मग आमचा व्हिडिओ का मुका केलात?"

मग तो म्हणाला की लीगलशी बोलून कळवतो. संध्याने फोन ठेवला आणि बघितलं तर हातातल्या चमच्यावरचा भात कधीच खाली पडला होता.

पुढे ते कसं झालं, कोणी ठरवलं, हे तिला कधीच कळलं नाही. एके दिवशी दिपेशचा फोन आला, काकीचा आवाज परत आलाय. दावा मागे घेतला होता. आठवडाभराने कंपनीच्या चॅनेलवरून रीमिक्सही गायब झालं. ना मेल, ना फोन, ना चुकलं म्हणून एक शब्द. घरातले सगळे म्हणाले, जिंकलीस. संध्याला तसं वाटेना. माफीचं पत्र मागणारी दुसरी नोटीस तिने पाठवली. त्याला उत्तर आलं नाही. विपुलने ते गाणं कधीच पेनड्राइव्हमध्ये भरून चार डीजेवाल्यांना दिलेलं होतं. कामोठ्यात वराती निघाल्या की ते अजून वाजतं. पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा ती गॅलरीतून खाली उतरून डीजेच्या ट्रकपर्यंत गेली होती, आणि गाणी वाजवणाऱ्याला हे काय आहे ते सांगायला लागली होती. ठेक्यात त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो हसून मान हलवत राहिला.

डिप्लोमाच्या शेवटी प्रकल्प द्यायचा होता. तिने हाच विषय घेतला. दळवी मॅडमना मसुदा आवडला. फोन करून म्हणाल्या, "संध्या, हे छापायला पाठवण्यासारखं आहे. फक्त एक करा, परिशिष्टात धवल्यांचे शब्द जोडा, शक्य असेल तर रेकॉर्डिंगही. त्याशिवाय परीक्षकांना अंदाज येणार नाही."

मागणी काही वावगी नव्हती. संध्याने काकीला विचारलं. काकीने निवडायला घेतलेल्या वालांत बोटं फिरवली.

"ते वाचून लगीन लावनार हायेत का?"

"नाही. मार्क देणार."

"मंग नको."

संध्याने परिशिष्ट जोडलं नाही. का जोडलं नाही, ते प्रकल्पात एका परिच्छेदात लिहिलं. निकाल आला. उत्तीर्ण झाली होती. बाकी विषयांत चांगले गुण, प्रकल्पात कमी. शेवटच्या पानावर परीक्षकाचा शेरा होता: 'मूळ साहित्य सादर केलेले नाही.'

कुंदन म्हणाला, फेरतपासणीला टाक, तुझा हक्क आहे. तिने शेरा पुन्हा वाचला. काकीचं 'नको' परीक्षकाला दिसलंच नव्हतं, किंवा दिसूनही ते त्याला साहित्य वाटलं नव्हतं. तिच्या आवाजाचा सूर पुन्हा खाली उतरला. "नको," ती म्हणाली. "गुण राहू देत तसेच. पण परीक्षकाला एक पत्र लिहिणार आहे मी." आणि टेबलावरची पुस्तकं बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला.